दुसऱ्या बाजूवरचा चरा

किल्लीवाल्याचं धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. भांडी, कपाट, पलंग सगळं गुण्यागोविंदाने वाटलं गेलं आणि घोडं अडलं ते एका ग्रामोफोनवर आणि एका रेकॉर्डवर. वडील व्हायोलिन वाजवायचे. शास्त्रीय गाणाऱ्या बड्या बड्या लोकांच्या मागे बसून त्यांनी जन्म काढला. फक्त एकदा, एका गायिकेच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर, कंपनीने त्यांना एकट्याला तीन मिनिटं वाजवू दिलं होतं. त्या तीन मिनिटांखेरीज त्यांचा एक सूरही कुठे उरला नव्हता. धाकट्याने ग्रामोफोन उचलला, थोरल्याने रेकॉर्ड काखोटीला मारली, आणि भावाने आपल्याला लुबाडलं असं दोघेही गावभर सांगत सुटले.

थोरल्याने, म्हणजे आपल्या किल्लीवाल्याने, महिन्याभरात दुसरा ग्रामोफोन मिळवला. धाकट्याला मात्र रेकॉर्ड मिळेना. तो जुन्या सामानाच्या दुकानांतून विचारत हिंडतोय हे किल्लीवाल्याच्या कानावर आलं, आणि त्या दिवसापासून त्याला रविवारचं दुसरं काम उरलं नाही.

तीन दुकानं होती. मोडक्या खुर्च्या, बंद घड्याळं, कुणाच्या तरी लग्नातले चौकटीतले फोटो, आणि कोपऱ्यात फळांच्या खोक्यांत उभ्या लावलेल्या जुन्या रेकॉर्डी. किल्लीवाला उकिडवा बसून एकेक लेबल वाचायचा. वडिलांची रेकॉर्ड हाती लागली की इकडेतिकडे बघायचा, खिशातली बोटाएवढी कानस काढायचा आणि दुसऱ्या बाजूवर काठापासून लेबलापर्यंत एकच चरा ओढायचा. मग रेकॉर्ड होती तिथे परत. विकत घेऊन घरी न्यायची नाही, हे विशेष. धाकट्याला ती मिळावी, त्याने हरखून घरी न्यावी आणि वडिलांच्या प्रत्येक सुरामागे टक् टक् ऐकावं, एवढीच त्याची इच्छा. आठवडाभर लोकांना एकीच्या दोन किल्ल्या करून द्यायच्या आणि रविवारी दोन रेकॉर्डींची एक करायची! असा हा आमचा सज्जन माणूस. अकरा वर्षांत त्याने नऊ रेकॉर्डी अशा नासवल्या.

"तुम्ही ऐकता कमी आणि राखता जास्त," बायको म्हणायची. तिच्याशीही तो फारसं बोलत नसे.

मग एका रविवारी तिसऱ्या दुकानातल्या बाईने त्याला हटकलं. बाईची जीभ त्याच्या कानशीपेक्षा धारदार. "ओ किल्लीवाले, तुमची ती व्हायोलिनवाली आलीय बहुतेक. लेबल पार उडालंय. घ्यायची असली तर घ्या, नाहीतर खोक्याला हात लावू नका. दर वेळी नुसती उचकापाचक!"

"माल विकायला ठेवलाय की पूजेला?" किल्लीवाला फिस्कारला.

पण लेबलावर खरंच काही वाचता येत नव्हतं. लेबलाशेजारी काळ्या तबकडीतच कोरलेला बारीक नंबर तेवढा होता, आणि तो काही त्याला पाठ नव्हता. म्हणून तो तडक घरी गेला आणि स्वतःची रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन आला. वडिलांच्या काळापासून हाताळून तिचंही लेबल पांढरं पडलं होतं. खिडकीशी जाऊन त्याने दोन्ही तबकड्या उजेडात धरल्या. नंबर एकच. जुळ्या बहिणी.

"फोडाल हं!" बाई गल्ल्यावरून ओरडली. तो दचकला, दोन्ही खाली ठेवल्या, बाईने मान वळवेपर्यंत कळ काढली आणि घाईघाईने एकीवर कानस ओढली. दुसरी अभ्र्यात घातली आणि घरी आला.

बऱ्याच दिवसांनी त्याला वडिलांना ऐकावंसं वाटलं. सुई टेकवली. सूर खरखरीत निघाला, अनोळखी वाटला. त्याने तबकडी उचलून काठ चाचपला. त्याच्या रेकॉर्डच्या काठाला एक टवका होता, लहानपणी धाकट्याच्या हातून उडालेला. त्यासाठी वडिलांनी मारलं मात्र थोरल्याला होतं. या तबकडीला टवका नव्हता. म्हणजे ही दुकानातली होती. टवक्याच्या रेकॉर्डवर आपण आपल्याच हाताने चरा ओढला, हे त्याला तेव्हा कळलं. हाती आलेली घासून घासून इतकी झिजलेली होती, की वडील भिंतीपलीकडे वाजवत असावेत असं वाटत होतं.

सोमवारी बाईचं दुकान उघडायच्या आधीच तो अभ्रा घेऊन दारात हजर. "माझी रेकॉर्ड बदलली तुम्ही!"

"मी कशाला बदलू? दोन्ही तुमच्याच हातात होत्या. तुमची ती काल संध्याकाळीच गेली. तुमच्यासारखंच नाक असलेला माणूस आहे एक. चरा पडलेलीही घेतो."

धाकट्याने दार उघडलं. अकरा वर्षांनी भाऊ समोर उभा, पण त्याने ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. वडिलांचा ग्रामोफोन खिडकीखाली होता. शेजारी रेकॉर्डींची चळत.

"टवक्याची तुझ्याकडे आलीय," किल्लीवाला म्हणाला. "माझी आहे ती."

"आणि या नऊ कुणाच्या?" धाकट्याने चळतीवर हात ठेवला. "पहिल्या दोन-तीन वेळा वाटलं, माझंच नशीब फुटकं. मग नीट बघितलं. सगळ्यांवर चरा एकाच जागी, एकाच रुंदीचा. दादा, कानशीचं काम मला ओळखता येत नाही असं वाटलं तुला?"

किल्लीवाल्याने अभ्र्यातली तबकडी पुढे केली. "ही धड आहे. चरा नाही हिच्यावर. पण माझ्याच्याने एकट्याने ऐकवत नाही."

धाकट्याने ती घेतली, उलटसुलट करून बघितली आणि भिंतीला लावून ठेवली. मग चळतीतली सगळ्यात खालची काढून ग्रामोफोनवर चढवली.

"ती शेवटी," तो म्हणाला. "आधी या नऊ. मग टवक्याची. मी एकट्याने ऐकल्यात. आता तू ऐक, आणि मधे उठायचं नाही."

किल्लीवाल्याने खिशातली कानस काढून उंबऱ्यावर ठेवली आणि तो आत जाऊन बसला. धाकट्याने सुई टेकवली. वडिलांनी पहिला सूर लावला, आणि त्याच्या मागोमाग टक् झालं.