खरात सरांनी जपून ठेवलेला शब्द

वाटूरच्या शाळेत खरात सरांनी आम्हाला ढीगभर इंग्रजी शब्द शिकवले आणि ते वापरायला लावले. एकच शब्द मात्र ते कुणाला सहजासहजी वापरू देत नसत : थोल. जुन्या इंग्रजीतला. आता म्हणे स्कॉटलंडकडची म्हातारी माणसं तेवढी बोलतात. अर्थ सोसणे, पण कुरकुर न करता, मुकाट्यानं सोसणे.

एखादं पोरगं उशिरा येऊन "सर, एसटी लेट होती, आय थोल्ड" म्हणालं की सर भडकलेच. "एसटीला थोल? उद्या डास चावला तरी लावशील! जल्दी खाली बस." कुणाची दाढदुखी, कुणाची सासू, त्यांच्या हिशेबी तो शब्द कुठेच बसायचा नाही. अख्ख्या गावात तो त्यांनी एकाच माणसाला दिला होता, स्वतःच्या बायकोला. "पंचवीस वर्षं झाली, तोंडातून ब्र काढला न्हाई," असं ते काकूंबद्दल मोठ्या अभिमानानं सांगत.

दहावीत मी आईवर इंग्रजी निबंध लिहिला. गॅदरिंगला वाचायचा होता. बाप गेल्यावर आईनं दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्हाला वाढवलं. म्हणून शेवटी लिहिलं : माय मदर थोल्ड. आईसाठी मला तोच शब्द हवा होता, दुसरा कुठलाही नको. सरांनी त्यावर लाल रेघ मारली! असा संताप आला मला. संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या घरी गेले आणि रडतरडतच विचारलं, "माझ्या आईपेक्षा जास्त सोसलंय का कुणी, सर?"

"सोसलं, बराबर आहे," सर म्हणाले. "पण तुझी माय मुकाट बसती का? परवा बायांना प्यायला पाणी ठेवलं न्हाई म्हणून शेतमालकाला भर बांधावर सुनावून राह्यल्ती. असल्या बाईला हा शब्द लावणं म्हंजे तिचं तोंड दाबणं. पोरी, खरं तर हा शब्द कोणत्याच माणसाला लागू नये."

मला ते एकदम पटलं. आईचा एवढा अभिमान वाटला की रडू कुठल्या कुठे पळालं. पण काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"मंग मला कामून लावला हो तुम्ही?"

व्याकरणात कुणाला हार न जाणाऱ्या सरांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बस. सांग."

"काय सांगू? कुठून सांगू?"

"पहिल्या वर्षापासून."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, "थोलचं मी दिलेलं उदाहरण चुकलं. खोडा." आणि पुढचा धडा काढला.

आता ते निवृत्त होऊन जालन्यात मस्तगडला राहतात. मी अंबडला नोकरीला आहे, जालन्याला आले की डोकावते. मागच्या महिन्यात गेले तर आतून काकूंचा खणखणीत आवाज येत होता. सरांनी हळूच दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि खुशीत कुजबुजले, "बस, बस. सांगत सांगत एकोणिसाव्या वर्षापर्यंत आली आहे."