बाहेरचं बाहेर

गाडीत बसताना बाई आधी आडव्या बसायच्या, पाय बाहेर ठेवून. मग चपला काढायच्या, एकमेकींवर दोनदा आपटायच्या, कापडी पिशवीत घालून सीटखाली सरकवायच्या आणि मगच पाय आत घ्यायच्या. "बाहेरचं बाहेर," असं म्हणून दार लावायच्या. खडकी बाजाराकडे तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्हीही हे पाहिलं असेल. लाल रंगाची जुनी छोटी गाडी, आणि आत अनवाणी पायानं क्लच दाबणारी पांढऱ्या केसांची बाई.

मी गॅरेजवाला. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो, आणि मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. त्यांची गाडी आत घ्यायला मी बुटांसकट बसायला गेलो.

"मिस्त्री, बूट."

"बाई, हे गॅरेज आहे. देऊळ नाही."

"मी कुठं देऊळ म्हटलं? मी गाडी म्हटलं."

मी बूट काढले नाहीत. त्यांनी किल्ली दिली नाही. अर्धा तास दोघं उभे. शेवटी मी काढले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून, त्यांच्यासाठी नव्हे.

कारण पुढं कळलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पेट्या भरायचं काम केलं होतं. तिथं आत शिरताना जमिनीवर एक रेघ असायची. बाहेरच्या चपला रेघेच्या अलीकडे, आतल्या वेगळ्या. बाहेरून एखादा खिळा, एखादा खडा आत गेला आणि ठिणगी उडाली तर संपलंच. "घरची भांडणंही तिथंच काढून ठेवायची, मिस्त्री. राग घेऊन पेटी उचलायची नसते," त्या सांगायच्या. रिटायर झाल्यावर गाडी शिकल्या, पण चालवायच्या त्या पेटीसारखीच. मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे ठेवून बाजारातून यायच्या. एकही अंडं तडकायचं नाही. माझ्याच्यानं हे होत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग एकदा कर्वेनगरला त्यांच्या मुलाच्या सोसायटीच्या फाटकाला गाडी मागून घासली. एवढासा पोचा. मी तो ठोकत होतो आणि मायलेक बाजूला उभे.

"आई, बास आता. विकून टाकू. रिक्षा आहेत, मी आहे."

"फाटकानं तक्रार केली का?"

"मस्करी नको. उद्या कुणाला लागलं तर?"

बाई भिंतीकडे वळल्या. माझ्या भिंतीवर सुट्या भागांच्या दुकानदारानं एक जाहिरात चिकटवली होती, ती वाचत राहिल्या. ऑटोक्रॉसची होती. म्हणजे मोकळ्या मैदानात रस्त्यावर पोलीस ठेवतात तशा केशरी टोप्या मांडतात, त्यातून नागमोडी वाट काढतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. टोपी पडली तर वेळेत दोन सेकंद वाढतात. वाट चुकली तर ती फेरी बाद. फेऱ्या तीन, आणि नवशिक्यांचा गट वेगळा.

"यात उतरते," बाई म्हणाल्या. "यादीत माझ्या नावापुढं वेळ लागली तर गाडी राहील. तिन्ही फेऱ्या बाद झाल्या तर किल्ली तुझी. परत मागणार नाही."

मुलगा हसला. "चालेल," म्हणाला. आईला कुणी उतरूच देणार नाही असं त्याला वाटलं असणार.

नाव लागलं. माहितीचा कागद आला, सगळा इंग्रजीत. बाई चष्मा शोधायला लागल्या तेवढ्यात मी म्हटलं, "द्या इकडं. ही आमच्या धंद्यातली गोष्ट आहे." कागदावरून सावकाश नजर फिरवली, घडी घालून खिशात ठेवला. "विशेष काही नाही. गाडी ठणठणीत पाहिजे, एवढंच." गाडी मी केलीही ठणठणीत. त्यात मला कुणी बोट दाखवू शकणार नाही.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर गेलो. सगळी कॉलेजातली नाहीतर कंप्युटरवाली पोरं. बाई टोप्यांमधून तीनदा पायी फिरल्या, ओठ हलवत. वाट पाठ करत होत्या. मग गाड्या तपासणारा आला.

"गाडी मस्त आहे, आजी. हेल्मेट आम्ही देतो. शूज कुठायत?"

"मी अनवाणी चालवते."

"नाही चालणार, सॉरी. बंद शूज कंपल्सरी आहेत. कागदावर क्लिअर लिहिलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

मग मी माझे बूट काढून दिले. चामड्याचे, तपकिरी, भाच्याच्या लग्नात घेतलेले. दर रविवारी मी स्वतः पॉलिश करायचो. माझा आठ नंबर, त्यांचा पाय पाचचा. आत चिंध्या कोंबल्या. त्यांच्या चपला मी घातल्या, टाच निम्मी बाहेर. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

पहिल्या फेरीत बुटाची कड ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवर पडली. गाडी वळायची तिथं उसळून सरळ गेली. बाद. दुसरीत बाईंचं सगळं लक्ष पायांकडे, तिसरं वळण राहूनच गेलं. तीही बाद. मुलगा दोरीपलीकडे उभा होता. हसत नव्हता, हे सांगायला पाहिजे.

बाई बोनेटला टेकून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"बाई," मी म्हटलं, "तो कागद मला वाचता आला नव्हता."

एवढं बोलायला मला साठ-सत्तर वर्षं लागली म्हणा.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पान उलटलंच नाही. मागच्या बाजूलाही छापलेलं दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या थाटात घडी घातली, की कागद परत मागायला मन झालं नाही. चूक माझीही आहे. आता ते रेघेच्या अलीकडे ठेवा. बाहेरचं बाहेर."

मी बूट मागितले. गाडीतून करवतीचं पातं काढलं आणि उजव्या बुटाच्या तळाची बाहेर आलेली कड दोन्ही बाजूंनी कापून टाकली. चामडं करकरलं. बाई "अहो, अहो" म्हणत होत्या. बुटाचा आकार होडीसारखा झाला, पण आता तो एका वेळी एकाच पेडलवर बसत होता.

तिसरी फेरी तुम्ही पाहायला हवी होती. जोर नाही, धूळ नाही, टायरची किंकाळी नाही. मागे अंड्यांचा ट्रे असावा तशी गाडी एकेक वळण घेत गेली. आवाज करणारी पोरं दोरीपाशी सरकली. शेवटच्या वळणावर एक टोपी डुलली, डुलली आणि पडली. पण वाट चुकली नाही.

फळ्यावर नाव लागलं. मुलानं वाचलं. "आई, तू शेवटची आहेस."

"यादीत आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

मुलगा शेजारी बसायला आला. दार उघडून थांबला. माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बूट काढले.

त्यानंतर बाईंनी पाच नंबरचे कॅनव्हासचे बूट घेतले, ते फक्त मैदानासाठी. आणखी दोनदा उतरल्या. एकदा शेवटून तिसऱ्या आल्या, तेव्हा बाजारात सगळ्यांना पेढे. एरवी मात्र अनवाणीच. आणि चौथीच्या पुढचं वाचायचं मला त्यांनीच शिकवलं, गॅरेजातल्या डब्यांवरची इंग्रजी अक्षरं दाखवून. मी शिकतोय असं मी कबूल केलं नाही, त्यांनी करायला लावलं नाही.

पुढं मुलाची बदली नागपूरला झाली, बाईही त्याच्याबरोबर निघाल्या. निघायच्या सकाळी गाडी माझ्याकडे आली. हवा बघितली, पाणी बघितलं, दोनदा बघितलेलं तिसऱ्यांदा बघितलं.

"मिस्त्री, जयभीम. येते."

"जयभीम. सावकाश जा," मी म्हटलं. त्यांना हे सांगणारा मी कोण!

बाई आडव्या बसल्या, चपला काढल्या, दोनदा आपटल्या. काहीतरी बोलायला म्हणून वर पाहिलं, तसेच पाय आत घेतले आणि दार लावलं. मुलगा शेजारी, अनवाणी. गाडी धक्का न देता वळणावरून गेली.

मग खाली पाहिलं. चपला जमिनीवरच होत्या, नीट जोडीनं. तीस वर्षं रेघ न चुकलेली बाई पिशवी विसरली होती.

फोन केला नाही. काय सांगणार? चपला उचलल्या, पुसल्या आणि गॅरेजात, आत, माझ्या कापलेल्या बुटांशेजारी ठेवल्या.