मेलबर्न त्या मानानं जवळ

विमानात माझ्या शेजारी साताऱ्याच्या एक काकू होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पहिल्यांदाच मेलबर्नला निघाल्या होत्या. समोरच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा होता आणि त्यातलं इवलंसं विमान जागचं हलतच नव्हतं.

"फार लांब वाटतंय ना?" मी विचारलं.

"छे हो! माझ्या वेळी आई नदीपलीकडच्या गावातून निघाली आणि पुरात अडकली. ती पोचली तोवर ही लेक पाळण्यात होती. मेलबर्न त्या मानानं जवळच की!"

मला वाटलं, आपलं माणूस पोचायला वेळ लागतो. पण ते निघालंय, हा धीर लगेच पोचतो.

उतरल्यावर काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. लेक पोटावर हात ठेवून हसत म्हणाली, "ये आई, आम्ही दोघंही तुझीच वाट बघतोय."