वरून आणलेला वाघदेव

डोंगर खचायला लागला तेव्हा आम्ही वाडी सोडून खाली आलो, आणि येताना देव घेऊन आलो. आमचं जे वाटोळं झालं ते तिथून. देव वरच राहिला असता तर आज निदान एक खूण तरी आमच्या हातात असती.

आमची ठाकरांची वाडी सिद्धगडाच्या पोटाशी होती. एका पावसाळ्यात घरांच्या मागे जमिनीला भेग पडली आणि सरकारी माणसांनी आम्हाला पायथ्याच्या गावाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. आमची माणसं उठतात तेव्हा मागे काही ठेवत नाहीत. कुडाच्या भिंतींच्या कारवीच्या काठ्या, दारं, चुलीचे दगडसुद्धा आम्ही उतरवले. वाघदेवाची शेंदूर फासलेली शिळा बाबांनी स्वतः टोपलीत घालून डोक्यावर घेतली. देवाला वाटेत टेकवायचं नसतं, म्हणून कुठेही न बसता ते उतरले. त्याला रानात दिव्यावाचून एकटं टाकायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

खालचं गाव पिढ्यानपिढ्या भात लावणाऱ्या शेतकऱ्यांचं. वाईट नाहीत ती माणसं. सुरुवातीला त्यांनी तांदूळ दिले, आमच्या बोलीची नक्कल करून हसले, आणि वाघदेवाच्या सणाला, वाघबारशीला, त्यांच्या बायका नारळ घेऊन आमच्या देवाला आल्या. कुणाची हरवलेली म्हैस सापडली, कुणाचं पोर बरं झालं. मग गावाने देवावर पत्रा घातला, फरशी बसवली, घंटा टांगली. बाबा हरखून गेले. म्हणायचे, "देवाला मानतात म्हंजे आमालाबी मानतील." मी तेव्हा सापगावला खोली घेऊन शहापूरच्या एका दुकानात कामाला होते. सुट्टीत गेले की मलाही ते पटायचं.

शेडचे पत्रे गंजले तेव्हा आम्ही गावठाणात घरापुरती जागा मागितली. गाव म्हणालं, तुमी वरचे, तुमची जमीन वर. म्हणून बाबांनी वरच्या नाचणीच्या शेतांवर वनहक्काचा दावा केला. पाहणीला साहेब आले, आणि मी रजा काढून सोबत चढले.

साहेब सज्जन होते. म्हणाले, घरांचे चौथरे दाखवा. कुडाच्या घरांना कुठले चौथरे! मग मसणवटा विचारला. तो दरडीने नेला होता.

"बरं, देवाची जागा तरी असेल?"

बाबांनी करवंदीच्या जाळीखालचा एक खळगा दाखवला.

"देव कुठाय?"

"खाली नेला, साहेब. येकटा कसा ठेवायचा?"

मला बाबांचा भयंकर राग आला, आणि त्या रागाची लाज वाटून रडू फुटलं. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात वरिष्ठ येतील, तेव्हा वस्तीची काहीतरी खूण दाखवा, नाहीतर दावा गेला. देव होता तिथे परत आणायचा, असं बाबांनी उतरतानाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टोपली घेऊन देवाजवळ गेलो. गाव आधीच जमलं होतं. बाबांचा रोजचा तंबाखूचा सोबती, गावातलाच एक म्हातारा, पुढे झाला.

"देव हलवायचा नाय."

"आमचाच हाय ना, दादा," बाबा म्हणाले.

"तुमचा व्हता. आता गावचा हाय."

"मंग त्याला आननारे आमी गावचे का नाय?"

म्हाताऱ्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "देवाचं येगळं असतं." त्यावर कुणी हसलं नाही, कुणी हरकतही घेतली नाही. मी ओरडले, भांडले, हातापाया पडले. माणसं हळूहळू पांगली, पण चार तरणी पोरं देवाला पाठ लावून तिथेच उभी राहिली.

बाबा फरशीवर बसून होते. ऊन चढलं तसं मी त्यांच्या दंडाला धरलं.

"बाबा, घरी चला."

"कुठं?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.