शुक्रवारी तलावावरची बाई

एकाहत्तर साली रुपरावांना जुन्या नागपूरचे फोटो अन् पोस्टकार्डं जमवायचा नाद लागला. कबाड्याकडून आणलेल्या एका फोटोत शुक्रवारी तलावाच्या पायरीवर कोणी अनोळखी बाई उभी होती. महिनाभर ते भिंग लावून तिलाच न्याहाळत होते, अन् त्यांची बायको जयवंता चुलीपाशी धुमसत होती. मेलेल्या बाईचा कसला हेवा, हे तिला कळत होतं. तरी जीव जळायचा थांबत नव्हता.

“हिच्या नाकात नथ नाही, चमकी हाये,” एका सकाळी रुपराव हरखून म्हणाले.

जयवंताने पदराने नाक झाकलं. “अन् माझ्या नाकात काय हाये, सांगा बरं.”

“चमकीच. लग्नातली.”

तिने पदर काढला. चमकी पोळ्यालाच हरवली होती; छिद्र बुजू नये म्हणून चार महिने तिथं कडुलिंबाची काडी होती.