फर्रासाची बादली

फाइल वर जाते आणि कधीतरी निकालात निघते. किस्से कुणीच निकालात काढत नाही, म्हणून ते साठतात. मी जंगल खात्यात कारकून होतो तेव्हा, पन्नासच्या दशकात, मूल गावाजवळच्या आमच्या डाकबंगल्याने तर एकाच वासावर किती किस्से दिले!

*

डाकबंगल्यात इंग्रजांच्या वेळचा गालिचा होता. तो धुण्यासाठी झाडलोट करणारा गणपत फर्रास, त्याचे दोन ब्रश आणि एक बादली. साहेब दौऱ्यावर आले आणि त्यांनी नाक वर केलं.

"गालिचा स्वच्छ दिसतो. मग वास कसला?"

गणपतने वाकून आधी गालिचा हुंगला, मग ब्रश. "साहेब, गालिच्याले मी धुतो. ब्रशाले कोन धुते?"

साहेबांना हा प्रश्न आवडला नाही. "पुढच्या टूरला वास आला तर दुसरा फर्रास बघतो!"

*

गणपतच्या घरी पाच लेकरं. त्याने ब्रश रिठ्याच्या पाण्यात उकळले, उन्हात उलटे टांगले. हेडक्लार्कने वर स्वतःचं अत्तर शिंपडलं. साहेब आले. वास होताच! 'शेवटची संधी' देऊन ते गेले.

गणपत मला म्हणाला, "बाबूजी, आधी वास सादाच येत होता. आता नटून येऊन राह्यला!"

*

मग तो रोज ब्रश हुंगायचा आणि मी त्याचं तोंड बघायचो. महिनाभर वास नाही.

"बाबूजी, साहेब नसले का वास नसते. साहेब आले का येते. काऊन?"

"हे साहेबांना विचारू नकोस," मी म्हणालो.

*

पुढच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पाळतीवर बसलो. साहेबांना मासा ताजाच लागे. खानसाम्याने तळ्यावरून जिवंत मागूर मासे आणले आणि जिवंत राहावेत म्हणून सोडायला निघाला, थेट गणपतच्या बादलीत! दर दौऱ्याला असंच; सकाळी मासे कढईत गेले की बादली जागेवर. त्याच बादलीत गणपत ब्रश बुडवायचा.

"अरे, मच्छी तो पानी में ही रहती है," खानसामा म्हणाला. "पानी गंदा कहाँ से होगा?"

*

गणपतने बादली हिसकावली, राखेने घासली आणि कडुलिंबाच्या फांदीला उलटी टांगली. ठेवायला बादली नाही, म्हणून मागूर खानसाम्याच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गालिचा हुंगला, ब्रश हुंगले, बादलीतही डोकावून पाहिलं. "शाब्बास!"

मग ते जेवायला बसले. ताटात वांग्याची भाजी.

"मासा कुठे आहे?"

खानसाम्याने गणपतकडे बोट दाखवलं. गणपत हात जोडून पुढे झाला.

"साहेब, बादली एकच हाये. मासा ठेवाचा का मले, तुमीच सांगा."