मी उघडलेल्या चार खिडक्या

ये गं सई, अशी जवळ बस. (फोन कानाला लावून बस म्हणते मी. बंगळूर सोडून ये, हे शेवटी म्हणणार आहे.) काल तू म्हणालीस, "आजी, मेमध्ये मी नाय येणार, तिथं भट्टी असते." आजीच्या गावाला भट्टी म्हणतात का गं? शोभतं का तुला? अगं, सवय व्हावी लागते, आणि सवय लागायच्या आधी माणूस काय काय करून ठेवतो ते माझ्याकडून ऐक. मी चार खिडक्या उघडून तुझ्या कुसुमआजीचं लग्न मोडत आणलं होतं.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा मी लग्न होऊन औरंगाबादेत आले. माहेर कोकणात, समुद्राच्या कडेला. तिथं दुपारी जीव घाबरा झाला की खिडकी उघडायची, वारं आत घ्यायचं, एवढंच मला ठाऊक. इथं पाहते तर सगळं उलटं! सकाळचे नऊ वाजले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरभर फिरून खिडक्या घट्ट लावायच्या. मागच्या दाराला वाळ्याची ताटी टांगलेली. त्या वासाच्या मुळ्यांच्या जाड पडद्यावर कुसुमवन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, तासातासाला पाणी मारायच्या. मग त्यातून येणारी हवा गार. पण घरात अंधार इतका, की पहिल्या आठवड्यात मी मामंजींना खुंटीवरचा कोट समजून त्यांच्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत घातला. ते बिचारे म्हणाले, "राहू दे सूनबाई, गार वाटतंय."

तर त्या मेमध्ये कुसुमवन्संना बघायला नाशिकची माणसं यायची होती. आधी दोन ठिकाणं आमच्या उन्हाळ्याला भिऊनच परत गेली होती. एकानं तर स्पष्ट कळवलं होतं, मुलगी चांगली आहे, पण बाळंतपणं माहेरी व्हायची, आणि मूल उन्हाळ्यात झालं तर? आत्याबाईंनी ते मनाला फार लावून घेतलं होतं. हे ठिकाण जुळायलाच हवं होतं.

बाराला टांगा दारात आला. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. आत्याबाई पोह्यांना फोडणी देत होत्या, वन्सं आतल्या खोलीत नऊवारी नेसून बसल्या होत्या. पाहुण्यांना बसवायचं काम माझ्याकडं. मुलाच्या आईनं अंधारात चाचपडत सतरंजी शोधली आणि विचारलं, "दिवे गेलेत का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, या बाई म्हणतील, घर आहे का तळघर. मी पदर खोचला, चारी खिडक्या सताड उघडल्या, मागची ताटी गुंडाळून वर बांधली आणि म्हणाले, "आता बघा, कसं मोकळं वाटतंय."

वाटलं ना! बाहेरची झळ घरात शिरली ती तांबडी धूळ घेऊनच. वडिलांची टोपी उडून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली. मुलाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. (त्याचं नाक मुळात मोठं, त्यामुळं लांबूनही दिसत होतं.) मुलाची आई भिंतीला टेकली आणि डोळे मिटून पुटपुटली, "अहो, दोनची एसटी मिळेल का?"

एवढ्यात आतून आवाज आला, "वहिनी, सरका."

बघते तर कुसुमवन्सं! दाखवायच्या आधीच मुलगी बाहेर, कासोटा आवळलेला, कडेवर पाण्याचा हंडा. कोणाकडं बघितलं नाय, कोणाला नमस्कार नाय. चार खिडक्या लावल्या, ताटी सोडली, हंडा त्या ताटीवर रिकामा केला. मग कांदा ठेचून आणला आणि होणाऱ्या सासूच्या तळपायाला चोळायला बसल्या. वर कैरीचं पन्हं. पाऊण तासानं खोलीत वाळ्याचा वास आणि असा गारवा पसरला, की मुलाच्या वडिलांचं घोरणं ऐकू यायला लागलं.

मुलाच्या आईनं डोळे उघडले. "हे आधीच का नाही केलंत?"

मी तोंड उघडणार, तोच आत्याबाई उंबऱ्यातून टोपी झटकत म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं मुद्दाम उघडलं होतं. बाहेर काय आहे ते कळल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाय. आमची कुसुम लई वर्षं हे घर असं गार ठेवतीय."

सई, असली सासू मी दुसरी पाहिली नाय. माझं वेड तिनं एका वाक्यात शहाणपणात जमा केलं. मुलाच्या आईनं वन्संचा ओला हात हातात घेतला आणि मुलाकडं बघितलं. तो तर केव्हाचा बघतच होता. त्याच बैठकीला सुपारी फुटली.

मीही मग शिकले गं. इतकी शिकले, की पुढच्या मेमध्ये कोकणात माहेरी गेले आणि नवाच्या ठोक्याला सगळ्या खिडक्या लावून दारांवर ओल्या चादरी टांगल्या. दुपारपर्यंत घामानं सगळं घर निथळायला लागलं. बाबा उशी घेऊन फणसाखाली जाऊन बसले. आई म्हणाली, "अगं, तिकडे काय माणसं शिजवायला शिकवतात की काय?"

आता सगळी मला शहाणी समजतात, एक तुझी कुसुमआजी सोडून. दर मेमध्ये ती नाशिकहून येते, आणि दारातून आत आली की आधी माझ्याकडं नाय, खिडक्यांकडं बघते. एवढी वर्षं झाली, विश्वास नाय तो नायच. म्हणून म्हणते, ये बाई लवकर. ती येईल त्याच आठवड्यात ये. तू असलीस म्हणजे निदान चार दिवस तिची नजर माझ्या खिडक्यांऐवजी तुझ्यावर राहील!